गुंडूजवळ कोण बसायचं

इथे लोक आपले भुताचे अनुभव लिहितात ते मी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचते. खरं सांगायचं तर चुका शोधायलाच वाचते. अमावस्या होती म्हणे, लाईट गेली म्हणे, मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपली म्हणे… मी मनात म्हणते, बरं सगळं एकदम जमून येतं यांचं! भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्यात विशेष काही नाही, कारण माझा कशावरच पटकन विश्वास बसत नाही. बीदरला मैलूरमध्ये माझं मेडिकल आहे. चिठ्ठीवरची सही खरी की खोटी, खोकल्याचं औषध नेणाऱ्याला खरंच खोकला आहे का, हे बघण्यात माझी निम्मी हयात गेली. आमचे हे म्हणतात, तू प्रसादाचा पेढासुद्धा आधी हुंगून बघशील. बघते, त्यात काय चुकलं?

तेव्हा हे भोळ्या बाईनं लिहिलेलं नाही एवढं आधी समजून घ्या. अमावस्या नव्हती, लाईट होती, आणि जे झालं ते भर दुपारी झालं.

गुंडू आमचा कुत्रा. गावठीच, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला. दिवाळीत फटाक्यांना भिऊन तो माझ्या दुकानाच्या शटरखाली शिरला होता, तेव्हा मुठीएवढा होता. शटर उघडलं तर बाहेर यायला तयार नाही. तिथून जो माझ्या पायाला चिकटला तो चिकटलाच. मी स्वयंपाकघरात गेले की हा उंबऱ्यावर, मी अंघोळीला गेले की हा दाराबाहेर. दुकानाला निघाले की फाटकात बसून रस्त्याकडे तोंड करून रडायचा, आणि मी येईपर्यंत तिथून हलायचा नाही. घरात सासूबाई असायच्या, हे असायचे, पण त्याच्या लेखी ती माणसं म्हणजे भिंतीवरची कॅलेंडरं. हे चिडवायचे, शंकेखोर बाईला कुत्रंही तसंच मिळालं, तू परत येशील यावर त्याचा रोज नव्यानं अविश्वास.

दोन वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नाला आम्ही लातूरला गेलो आणि गुंडूला एका बोर्डिंगमध्ये ठेवलं. नाव सांगत नाही, त्यांची काही चूक नव्हती. परत आलो तेव्हा त्यानं पुढच्या पायाची कातडी चावून चावून काढली होती. पाण्याशिवाय पोटात काही नाही. उचलला तर हातात फासळ्या लागल्या. नंतर त्याला फिट यायला लागल्या. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, “याला परत असं सोडून जाऊ नका. पुढच्या वेळी हा हाय खाऊन जाईल.” मी तेव्हा ठरवलं की आता गुंडू असेपर्यंत मुक्काम बंद. खरोखर बंद केले. माहेरी औरादला गेले तरी संध्याकाळी परत.

पण गेल्या वर्षी यांच्या छातीत कळ यायला लागली. तपासण्या झाल्या आणि बायपास करायचं ठरलं, गुलबर्ग्याला. (पाटीवर कलबुर्गी झालं तरी आमच्या तोंडात अजून गुलबर्गाच आहे.) ऑपरेशन, मग दवाखान्यातले दिवस, मग तपासणीसाठी तिथंच जवळ खोली घेऊन राहायचं. सोलापूरला दिलेली माझी मुलगी पल्लवी मदतीला येणार होती. सासूबाईंना – आम्ही त्यांना आत्या म्हणतो – नणंदेकडे उदगीरला पोचवायचं ठरलं. नणंदेच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात गुंडूला ठेवणं शक्य नव्हतं, आणि त्याला फिट आली तर आत्यांच्यानं आवरला नसता. राहिला प्रश्न त्याचा. नवरा ऑपरेशनला चाललाय आणि ही बाई कुत्र्यासाठी रडतेय असं लोक म्हणत होते, म्हणू देत. मला दोन्हीची भीती वाटत होती.

गुरांच्या डॉक्टरांनीच राजूचं नाव सुचवलं. औराद रोडला संतपूरच्या पुढे त्याचं शेत आहे. आधी तिथं कोंबड्यांचं शेड होतं, तो धंदा बसल्यावर त्यानं त्यातच भिंती घालून कुत्र्यांच्या खोल्या केल्या. बीदरच्या तळावरचे एअरफोर्सवाले सुट्टीला जाताना आपली कुत्री त्याच्याकडे ठेवतात. माणूस गोड बोलणारा, आणि गोड बोलणाऱ्या माणसाकडे मी जरा जास्तच निरखून बघते. बायको-लेकरं शाळेपायी औरादला, शेतावर हा एकटा. स्वयंपाक हाच करणार, झाडलोट हाच करणार. मी सगळ्या खोल्या फिरून बघितल्या. गुंडूसाठी दिलेली कोपऱ्यातली खोली नुकतीच चुन्यानं रंगवलेली होती, हात लावला तर बोटं पांढरी झाली.

डॉक्टरांनी सांगितलं तसं आम्ही सगळं केलं. आधी एकदा नुसतं शेतावर नेऊन फिरवून आणला. मग तासभर ठेवला, मग अर्धा दिवस. जेवण घरचंच, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून. निघताना कुरवाळत, डोळ्यांत पाणी आणत निरोप घ्यायचा नाही, सहज उठून निघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माझं अंगावरचं एखादं कापड त्याच्याजवळ ठेवायचं, न धुतलेलं. वास टिकला पाहिजे. माझी घरात नेसायची एक जुनी हिरवी इरकल आहे. ती मी मुद्दाम काही दिवस सलग नेसले, स्वयंपाक त्यातच, झोपणं त्यातच. घामाचा, तेलाचा, फोडणीचा, सगळा वास त्यात मुरला.

पिशवीत घालताना आत्यांनी बघितलं. म्हणाल्या, “न धुता देऊ न्हाई गं. अंगावरचं कापड परक्याच्या घरात तसंच देत न्हाईत. पाण्यातनं तरी काढ.”

आमच्याकडे हे सगळेच पाळतात. नेसलेली साडी कुणाला द्यायची तर आधी पाण्यातून काढायची, आणि काठाची एक दशी, म्हणजे एक धागा, ओढून घरात ठेवायची. माझी आईही करायची. मी म्हटलं, पाण्यातून काढली तर वास जाईल, मग द्यायची कशाला?

“मग दशी तरी काढून ठेव.”

“कामून पण, आत्या? काय होतं त्यानं?”

“ते मला ठाव न्हाई. आमच्या सासूनं सांगितलं, आमी केलं.”

कारण सांगता येत नाही ती गोष्ट मी करत नाही. साडी तशीच दिली. दशीबिशी काही काढली नाही.

गुंडूला सोडून आम्ही गुलबर्ग्याला गेलो. वाटेत हुमनाबादला यांनी चहा घ्यायला गाडी थांबवायला लावली आणि मी गाडीतच बसून राजूला फोन केला. काय करतोय? झोपलाय, म्हणाला. झोपलाय? जो कुत्रा मी अंघोळीला गेले तरी झोपत नाही, तो परक्या शेतात इतक्यात झोपला? माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. गोळी. रडणाऱ्या कुत्र्याला झोपेची गोळी घालून गप्प करणं फार सोपं असतं, आणि त्या गोळ्या कोण कशी मिळवतं हे मेडिकलवालीला सांगायला नको. यांना काही बोलले नाही. ऑपरेशनला चाललेल्या माणसाला काय सांगणार.

दुसऱ्या दिवशी राजूनं व्हिडिओ पाठवला. गुंडू साडीवर पाय मुडपून बसलेला, भाकरी खाऊन ताटली चाटून पुसून रिकामी. पायाला जखम नाही, डोळे शांत. दुसऱ्या एखाद्या बाईला बरं वाटलं असतं. मला वाटलं, हा व्हिडिओ त्या अर्ध्या दिवसाचा कशावरून नाही? मी राजूला म्हटलं, आता परत काढ, आणि त्याच्या शेजारी एक लिंबू ठेवून काढ.

“लिंबू कामून अक्का? कुणी कायतरी केलंय का काय?”

मी म्हटलं, केलंय तर मीच करायलेय, तू ठेव. त्यानं ठेवलं. व्हिडिओ ताजा निघाला. मग व्हिडिओ कॉल करून त्याला स्टीलचं ताट जोरात खाली पाडायला लावलं. गुंडू ताडकन उठला, दोनदा भुंकला, कान टवकारले, आणि परत साडीवर जाऊन बसला. गोळी दिलेलं कुत्रं असं उठत नाही. त्याच्या हिरड्या दाखव म्हटलं, त्या गुलाबी. मला हायसं वाटायला हवं होतं, पण उलट माझा संशय वाढला. गोळी नाही तर मग हा शांत कसा? माझ्यावाचून श्वास न घेणारा हा कुत्रा एका साडीवर इतका समाधानी कसा?

मग मी ते व्हिडिओ बारकाईनं बघायला लागले. दवाखान्यात वेळ असतोच. ऑपरेशन झालं होतं, हे आयसीयूत होते, दिवसातून थोडा वेळ काचेतून बघू द्यायचे, बाकी सगळा वेळ बाकावर. एका व्हिडिओत गुंडू झोपला होता आणि त्याची हनुवटी जमिनीला टेकलेली नव्हती. साडीचा जरा उंचवटा झालेला, त्यावर त्यानं डोकं ठेवलेलं, घरी माझ्या मांडीवर ठेवतो तसं. खाली उशी ठेवलीस का म्हणून राजूला विचारलं. नाही म्हणाला, साडी आपोआप गोळा होते. दुसऱ्या व्हिडिओत तो वर बघत होता. राजू फोन घेऊन समोर उभा, आणि गुंडूची नजर राजूकडे नाही, बाजूला, भिंतीजवळ, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. आणि शेपटी हळूहळू हलतेय. तिथं कोण आहे, मी विचारलं. कोणी नाही, म्हणाला, आणि फोन फिरवून दाखवलाही. नुसती पांढरी भिंत.

आता माझी खात्री झाली की तिथं एखादी बाई आहे. राजूनं कुणीतरी कामाला ठेवलीय, किंवा नसतं काही प्रकरण आहे, आणि ती बाई माझी साडी नेसून गुंडूला मांडीवर घेऊन बसते. पल्लवी म्हणाली, “बसू दे ना आई, तो खूष आहे तेवढं बास नाही का?” मला नव्हतं बास. परकी बाई माझी साडी नेसते आणि माझ्या कुत्र्याला फसवते, हे मला सहन होत नव्हतं. जळत होते म्हणा हवं तर.

माझा धाकटा भाऊ प्रकाश औरादला असतो, बी-बियाणं-खताचं दुकान आहे त्याचं. त्याला म्हटलं, राजूला न सांगता जाऊन ये. फाटकातून आवाज देऊ नको, आधी बघ कोण आहे आत. प्रकाश म्हणाला, दुपारी धंदा थंड असतो तेव्हा जातो.

त्या दुपारी यांना आयसीयूतून वॉर्डात हलवणार होते. मी आणि पल्लवी बाहेर बाकावर बसलो होतो. रात्रीची जागरणं होती, भिंतीला डोकं टेकलं आणि माझा डोळा लागला. किती वेळ ते माहीत नाही, फोननं जाग आली. प्रकाश होता. त्याचा आवाजच वेगळा होता.

“अक्का, तू कुठं हाईस?”

“दवाखान्यात. कुठं असणार?”

“खोटं कामून बोलायलीस? आत्ताच बघून आलोय तुला.”

मला वाटलं चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता, चिडला होता.

“दाजी तिकडं आयसीयूत पडलेत, अन तू हितं येऊन कुत्र्याच्या गोचड्या काढत बसलीस. हाक मारली तर वळून बी बघितली न्हाईस. लाज वाटाय पाहिजे, अक्का.”

मी फोन पल्लवीच्या हातात दिला. ती त्याला म्हणाली, “मामा, आई सकाळपासून माझ्याजवळ बसलीय. आत्ता माझ्या खांद्यावर झोपली होती.” त्यानं तिला दोनदा विचारून खात्री केली. मग त्यानं जे सांगितलं ते पल्लवीनं स्पीकरवर घेतलं, म्हणून आम्ही दोघींनी ऐकलं.

तो मोटरसायकल बाहेर लावून मागच्या बाजूनं आत गेला होता. राजू पंपाच्या मोटारीपाशी पिकाला पाणी धरत होता, लांब. कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडं. आत भिंतीला टेकून, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, मी बसलेले. हिरवी इरकल, पदर डोक्यावरून ओढलेला, तोंड पलीकडं. मांडीवर गुंडूचं डोकं. डाव्या हातानं त्याचा पडका कान उलटा धरून उजव्या हातानं गोचड्या काढत होते, मी काढते तशाच. प्रकाशनं दारातून हाक मारली, “अक्का.” तिनं मागं न बघता डावा हात वर केला, ‘थांब जरा’ म्हणून.

आता हे सांगायला हवं. माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. लहानपणी आमच्या औरादच्या घरी प्रकाशनंच दार लावताना ती चेमटवली होती. मोडलेलं हाड तसंच वाकडं जुळलं. दुकानात मी गोळ्या मोजत असताना कुणी मध्ये बोललं की मी मान वर न करता तोच हात असा दाखवते, आणि करंगळी बाजूला पडते.

“करंगळी बघितली मी, अक्का,” प्रकाश म्हणाला. “मी मोडलेली करंगळी मी वळखणार न्हाई का?”

तो थोडा वेळ दारात उभा राहिला, मग रागानं निघून आला. जवळ का गेला नाहीस, असं मी नंतर त्याला शंभर वेळा विचारलं. तो म्हणतो, थांब म्हणालीस म्हणून थांबलो, मग राग आला म्हणून गेलो. तेव्हा त्याला भीती वगैरे काही वाटली नाही. आपल्या बहिणीला बघून कुणाला भीती वाटते?

मी आधी प्रकाशवर संशय घेतला. गेलाच नसेल, दुकानात बसून काहीतरी ठोकून दिलं असेल. पण असलं कशाला ठोकून देईल? गेलो नाही म्हणाला असता तर मी रागावले असते, एवढंच. आणि त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, तो माणूस तसा हात ठेवणारा नाही. मग राजूवर घेतला. राजूला फोन केला तर तो म्हणाला, दुपारभर इथं कुणीच आलं नाही, तुमचा भाऊही मी बघितला नाही. त्याला बाईचं विचारलं तर तो दुखावल्यासारखा झाला. संध्याकाळी चहा पिताना पल्लवी म्हणाली, “आई, तू झोपेत डाव्या हाताची मूठ धरून उजव्या हाताची बोटं हलवत होतीस. मला वाटलं जपमाळ ओढतेस.” मी तिला म्हटलं, तू आता हे सगळं ऐकल्यावर तुला तसं आठवतंय. आजही माझं तेच मत आहे. पण ती मानत नाही.

यांची तब्येत चांगली सुधारली. आम्ही घरी आलो. आत्यांना उदगीरहून आणलं, यांना त्यांच्याजवळ बसवलं, आणि मी आणि पल्लवी लगेच गाडी काढून गुंडूला आणायला निघालो. वाटभर मी पल्लवीला एकच विचारत होते. तो मला बघून काय करेल? दुकानातून आले तरी अंगावर झेपावून साडी फाडणारा कुत्रा, इतक्या दिवसांनी तर वेडा होईल. फिट येऊ नये म्हणून मी गोळीसुद्धा पर्समध्ये घेतली होती.

राजूनं दार उघडलं. गुंडू बाहेर आला. अंगानं भरला होता, केस चकचकीत, इतका छान मी त्याला कधी बघितला नव्हता. मी खाली बसून हात पसरले. तो जवळ आला, माझे हात हुंगले, पाय हुंगले, शेपटी हलवली… पाहुण्यासाठी हलवतात ना, तशी. दोनदा. मग वळून खोलीत गेला, आत चहूकडे बघितलं, परत बाहेर आला आणि माझ्या मागं फाटकाकडे बघत उभा राहिला.

पल्लवी म्हणाली रुसलाय तुझ्यावर. मीही तेच धरून चालले. पण रुसलेला गुंडू मला माहीत आहे. रुसला की तो पाठ करून बसतो आणि कानानं माझ्याकडं लक्ष ठेवतो. हे रुसणं नव्हतं.

मी खोलीत गेले. सगळे कोपरे बघितले. केसांची पिन, बांगडीचा तुकडा, टिकली, काहीतरी सापडेल म्हणून. काही नाही. साडी खाली पसरलेली, कुत्र्याचे केस लागलेली. फक्त चुन्याच्या भिंतीवर एक डाग होता. बायका रोज भिंतीला टेकून बसतात तिथं डोक्याच्या तेलाचा पडतो, तसला पिवळट गोल डाग. मी गुंडूला ठेवला तेव्हा खोली कोरी पांढरी होती, माझ्या बोटांना चुना लागला होता. राजूला विचारलं. तो म्हणाला, बघितलाय मी, कशाचा आहे कळेना, पुसला तरी जाईना. पल्लवी नको नको म्हणत होती, तरी मी तिथं भिंतीला टेकून खाली बसले. उठून बघितलं तर पल्लवीचा चेहरा उतरलेला. डाग बरोबर माझ्या डोक्यामागं होता. माझ्या उंचीच्या बायका बीदर जिल्ह्यात हजारो असतील, हे मी तिला तिथंच सांगितलं. स्वतःलाही सांगितलं.

साडी मी पिशवीत घालून घेतली, आणि गुंडूला उचलून गाडीत घालावं लागलं. तो मागच्या काचेतून शेताकडे बघत राहिला, संतपूर मागं पडेपर्यंत.

आता या गोष्टीला सहा-सात महिने झाले. राजूकडे नंतर कुत्री राहिली, कुणाला काही दिसलं नाही. गुंडू ठणठणीत आहे. फिट बंद झाल्या. पाय चावत नाही, रडत नाही. मी दुकानाला निघाले तर मान वर करत नाही. डॉक्टर एकदम खूष आहेत, म्हणतात याची भीती पूर्ण गेली, आता कुठंही ठेवा. मला हेच हवं होतं ना? माझ्यावाचून त्याचा जीव जाऊ नये, एवढंच मी मागत होते.

आत्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी साडी कुठं आहे ते विचारलं. मग म्हणाल्या, साडी आता तरी पाण्यात घाल. मी विचारलं, घातली तर काय होईल? “मोकळं होतंय म्हणत्यात,” त्या म्हणाल्या. काय मोकळं होतं, कोण मोकळं होतं, ते त्यांनाही सांगता येईना. हे हसतात. म्हणतात, तुझा विश्वास नाही ना, मग धुऊन टाक की, साडीच आहे. एवढ्या वासाची साडी कपाटात कशाला ठेवलीस?

दोन वेळा मी ती बादलीपर्यंत नेली. आणि दोन्ही वेळा एकच विचार आला: त्या साडीत खरंच काही असेल, तर ते गेल्यावर गुंडू परत माझा होईल, की ज्याच्यासाठी तो जगला तेच त्याचं कायमचं जाईल? असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी साडी मी परत घडी घालून ठेवली.

एका दुपारी घरात कोणी नसताना ती नेसून मागच्या पायरीवर बसले. गुंडू लांबून उठून आला, पदर हुंगला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी त्याचा पडका कान हातात घेतला. मला रडू फुटलं, खोटं कशाला बोलू. मग त्यानं वर बघितलं. माझ्या तोंडाकडे, नीट, मी गिऱ्हाइकाची चिठ्ठी बघते तसं. आणि डोकं काढून घेतलं, उठला आणि फाटकात जाऊन बसला.

तिथंच बसतो तो रोज, रस्त्याकडे तोंड करून. मी दुकानातून आले की माझ्याकडे बघतो, सभ्यपणे शेपटी हलवतो, बाजूला सरून मला आत जाऊ देतो, आणि परत रस्त्याकडे बघायला लागतो. मी वाढलेली भाकरी खातो. मी दिलेलं पाणी पितो. मला काही त्रास देत नाही. राजूकडची कुत्री राजूशी असंच वागतात, मी बघितलंय. माणूस चांगला आहे, खायला घालतो, पण तो आपला नाही.

हे काय होतं, तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा, मी वाचेन, संशयानंच वाचेन. मला फक्त एवढंच कळलंय की गुंडूच्या लेखी बोर्डिंग अजून संपलेलं नाही. त्याची मालकीण गावाला गेलीय, ती येईपर्यंत त्याला सांभाळायला ठेवलेली बाई मी आहे, आणि ती येणार यावर त्याचा पूर्ण विश्वास आहे.